आमचा विषारी मुलखातील मुक्काम

ऑस्ट्रेलियास जावयाचे आमचे निश्चित झाले तेव्हा स्नेहीमंडळींत जी शोककळा पसरली, ती आम्ही खरोखरच निवर्तलो असतो तरी इतकी पसरली असती की काय, याविषयी आम्हांला शंका आहे. विलायतेस जाणाऱ्यास लोक लोकरीचे कपडे न्यावयास सांगतात. आखातात जाणाऱ्यास येताना काय आणावे ते सांगतात. आम्हांला मात्र प्रत्येकाने मृत्युपत्राविषयी विचारले. आमचे एक निवृत्त शिक्षकमित्र तर भूगोलाचा तास घेतल्याप्रमाणे अंगणात उभे राहून बोलू लागले. जगातील सर्वांत जहाल विषाचा साप तेथे, प्राण घेणारा कोळी तेथे, दगडासारखा दिसणारा विषारी मासा तेथे, हाताच्या ओंजळीत मावेल असा विषारी अष्टपाद तेथे; फार काय, बदकाची चोच आणि बीव्हरची शेपटी घेऊन जन्मलेला जो गरीब प्लॅटिपस, त्याच्या नराच्याही मागील पायास विषाचा काटा! "त्या देशात देवाने एखादा प्राणी निरुपद्रवी म्हणून सोडलेला नाही," असे म्हणून त्यांनी आमचा निरोप घेतला व आमच्याकडून उसना नेलेला ग्रंथ त्याच दिवशी परत केला.

आमचा भाचा उत्तर क्वीन्सलँडमधील केर्न्स या शहरी एका इस्पितळात परिचारक आहे. चार वर्षे त्याचा आग्रह चालू होता. 2023 च्या सप्टेंबरात अखेर आम्ही सपत्नीक बेळगाव सोडले, ते थेट ब्रिस्बेनच्या विमानतळावर उतरलो.

तेथे पहिला साक्षात्कार असा झाला की, ज्या देशाला आम्ही भीत आलो तो देशच आम्हांला भीत होता. उतरण्यापूर्वी एक छापील कार्ड भरून द्यावे लागले. जवळ खाद्यपदार्थ आहेत काय, बियाणे, लाकडी वस्तू आहेत काय, गेल्या महिनाभरात शेतावर अगर गुरांत वावरलात काय, असे नाना प्रश्न. आम्ही सत्य तेच लिहिले. परिणामी आमची पेटी उघडली गेली, आणि सौभाग्यवतींनी सूनबाईकरिता नेलेले शिसवी लाटणे एका अधिकारीबाईंनी उजेडास धरून, फिरवून, बारकाईने तपासले. आत कीड दडलेली नाही अशी खात्री झाल्यावर ते परत मिळाले. त्या लाटण्यास आजवर आम्ही एकटेच भीत होतो. आता एका खंडाची सरकारी यंत्रणाही आमच्या पंक्तीस बसली.

या भीतीस कारण आहे. 1859 साली एका जमीनदाराने शिकारीची हौस भागावी म्हणून व्हिक्टोरिया प्रांतात काही ससे सोडले. त्यांच्या संततीने पुढे खंड पोखरून काढला. 1935 साली उसावरील भुंगे खाण्यासाठी हवाई बेटांतून भेक आणून क्वीन्सलँडमध्ये सोडण्यात आले. भेकांनी भुंग्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांच्या कातडीत मात्र विष असल्यामुळे त्यांना गिळणारे तेथील साप आणि मगरीदेखील मरू लागल्या. इतके पोळल्यावर कोणीही लाटणे फुंकून पाहील!

ब्रिस्बेनला भाच्याच्या एका मित्राकडे आम्ही चार दिवस राहिलो. सप्टेंबर म्हणजे तेथला वसंत ऋतू. आमच्यावरील पहिला हल्ला सापाने नव्हे, मगरीने नव्हे, तर कावळ्याएवढ्या एका काळ्या-पांढऱ्या पक्ष्याने केला. त्याचे नाव मॅगपाय. घरट्यात पिले असली की नर जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर पाठीमागून झेप घेतो. आमच्या मस्तकावर निसर्गाने फारसे आच्छादन ठेवलेले नाही, हे त्याने उंचावरून आधीच हेरले असावे. सायकलवाल्यांच्या शिरस्त्राणांवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या साळिंदराच्या काट्यांप्रमाणे उभ्या असलेल्या पाहून आम्ही आदल्या दिवशी हसलो होतो. दुसऱ्या दिवशी हसण्याची पाळी त्यांची होती. काही लोक टोपीच्या मागील बाजूस डोळे रंगवितात, म्हणजे पक्ष्यास वाटावे की गृहस्थ इकडेच पाहत आहे. हा पक्षी माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. आमचा अनुभव त्यास पुष्टी देणारा आहे.

पुढे केर्न्सला पोहोचलो आणि पाटीवाचनाचे पर्व सुरू झाले. त्या शहरी समुद्र आहे आणि समुद्रात कोणी नाही! किनाऱ्यावर चिखलाची दलदल आणि तिच्या कडेला पिवळी पाटी: जबडा वासलेल्या मगरीचे चित्र, इंग्रजीत सूचना, खाली चिनी अक्षरे आणि जर्मन लोकांकरिता "आख्तुंग" हा एकच शब्द. मराठीत काही नव्हते. परंतु जबड्यास भाषांतर लागत नाही. हौशी माणसांची सोय व्हावी म्हणून 2003 साली नगरपालिकेने समुद्राला लागूनच एक विस्तीर्ण तलाव बांधला. समुद्रकाठी राहावयाचे आणि समुद्राकडे पाहत हौदात डुंबावयाचे, ही तऱ्हा आम्हांला प्रथम हास्यास्पद वाटली. पाटी दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटली नाही.

शहराबाहेर पाम कोव्ह नावाचा रम्य किनारा आहे. तेथे पाण्यात जाळे लावून पोहण्याची जागा वेगळी राखलेली, आणि वाळूत एका खांबाला व्हिनेगरची बाटली अडकवलेली! व्हिनेगरचा आणि आमचा परिचय सोरपोतेलच्या निमित्ताने झालेला. समुद्रकाठी कोणी स्वयंपाक करतो की काय असे वाटून सौभाग्यवती आस्थेने जवळ गेल्या. भाच्याने खुलासा केला. नोव्हेंबर ते मे या काळात तेथे चौकोनी पेटीच्या आकाराचा एक जेलीफिश येतो. काचेसारखा पारदर्शक, खाली तीन मीटरपर्यंत लांब अशा साठेक तंतूंचा झुबका. 1956 साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले, ते केर्न्सचेच डॉक्टर ह्यूगो फ्लेकर यांच्यावरून. त्याच्या तंतूंवर विषाच्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात आणि तंतू अंगाला चिकटला तरी त्यांतील बऱ्याचशा अद्याप फुटलेल्या नसतात. व्हिनेगर ओतल्याने त्या फुटावयाच्या थांबतात. तो तंतू घाबरून ओरबाडला की सगळा कारभार एकदम उरकतो. पूर्वी तेथील जीवरक्षक, म्हणजे सहा फुटी धिप्पाड तरुण, स्त्रियांचे तलम लांब पायमोजे घालून समुद्रात उतरत. विणकाम इतके पातळ असूनही त्यातून दंश होत नसे. जीव वाचणार असेल तर आम्हीही काय वाटेल ते नेसण्यास तयार आहो.

याच जातीचा एक नखाएवढा भाऊबंद आहे. त्याचा दंश प्रथम जाणवतही नाही. अर्ध्या तासाने पाठ, पोट, छाती यांत असह्य वेदना उठतात आणि रोग्यास आता आपला अंत आला अशी ठाम खात्री वाटू लागते. हे दुखणे कशाने होते ते पुष्कळ वर्षे कळेना. 1961 साली केर्न्सचे डॉक्टर जॅक बार्न्स यांनी समुद्रात ठाण मांडून हा इवलासा प्राणी पकडला, आणि गुन्हेगार हाच हे सिद्ध करण्याकरिता त्याचा दंश स्वतःस करून घेतला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलास करविला आणि एका तरुण जीवरक्षकासही करविला. तिघेही इस्पितळात दाखल झाले. तिघेही बरे झाले व तो प्राणी डॉक्टरांच्या नावाने शास्त्रात अमर झाला. आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "मुलाच्या आईची परवानगी घेतली होती काय?"

घरातील धोके वेगळे. रेडबॅक नावाची एक काळी कोळीण आहे, पाठीवर तांबडा पट्टा. जुन्या काळी शौचकूप परसात असत, तेव्हा बैठकीच्या खालची जागा तिला विशेष प्रिय असे. यावर 1972 सालचे एक विनोदी गाणेच त्या देशात प्रसिद्ध आहे. वास्तविक 1956 साली तिच्या विषावर लस निघाली आणि तेव्हापासून तिने निश्चितपणे कोणाचा बळी घेतल्याची नोंद नाही. भाच्याच्या घरातील शौचालय तर आत, फरशीचे, लखलखीत. तथापि आम्ही पंधरा दिवस विजेरी आणि छत्रीची दांडी यांवाचून आत पाऊल टाकले नाही. छत्री ठोठावण्याचा आवाज ऐकून नात विचारी, "आजोबा, आत कोण आहे?"

छत्रीचा आणखी एक उपयोग शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी शिकविला. आम्ही सायंकाळी झाडांखालून फिरावयास जातो हे पाहून ते गंभीरपणे म्हणाले की, वरून पडणाऱ्या अस्वलांपासून सांभाळून असावे. हे अस्वल कोआलासारखे दिसते, परंतु मांसाहारी असते. फांदीवर दबा धरून बसते आणि खालून माणूस गेला की नेमके त्याच्या मानेवर उतरते. परक्या देशाच्या माणसाचा वास त्यास लवकर लागतो. उपाय म्हणून त्यांनी तेथील पावास लावावयाचे एक काळे, खारट लोणी कानांमागे चोळावे असे सुचविले. आम्ही लोणी चोळले नाही, एवढी अब्रू शिल्लक आहे. मात्र तीन दिवस निरभ्र आकाशाखाली उघडी छत्री घेऊन फिरलो. चौथ्या दिवशी भाच्याने हसत हसत सांगितले की, असा प्राणी सृष्टीत नाही. तो केवळ पाहुण्यांकरिता निर्माण केलेला आहे. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमने त्याचे लॅटिन नावासह शास्त्रीय वर्णनही तयार करून ठेवले आहे, आणि तेही चेहऱ्यावरील रेषा न हलविता. शेजारी दुसऱ्या दिवशी भेटले तेव्हा त्यांनी आमच्या छत्रीची चौकशी केली.

खऱ्या प्राण्यांपैकी कॅसोवरी एट्टी बे येथील वाळूवर भेटली. जवळजवळ आमच्याएवढी उंच, निळी मान, डोक्यावर शिंगाचे शिरस्त्राण, आणि पायाच्या आतील बोटास बारा सेंटिमीटरपर्यंत वाढणारा खंजीर. ऑस्ट्रेलियात तिच्या हातून, म्हणजे पायातून, एकच मृत्यू नोंदलेला आहे, तो 1926 सालचा. त्या मुलानेच तिला मारावयास घेतले होते. आम्ही तिला मारावयाचे मनातही आणले नाही. ती आमच्या बाजूने, एखादी वरिष्ठ अधिकारी वऱ्हांड्यातून जावी तशी, न पाहता निघून गेली. डेन्ट्री नदीत नावेतून मगरीही पाहिल्या. चिखलावर चार-साडेचार मीटरचे एक धूड पडलेले, डोळा अर्धा मिटलेला. नावाडी म्हणाला, "हिला काही घाई नाही." आम्हांला होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र साप आला. आम्ही परसात खुर्ची टाकून वाचीत बसलो होतो. कुंड्यांमागून एक तपकिरी दोर सरकला. आम्ही खुर्चीवर चढलो, हे सांगावयास संकोच वाटत नाही. सात वर्षांची नात दारातून ओरडली, "आजोबा, हलू नका! तो जाईल!" आणि तो गेला. कोणी काठी आणली नाही, कोणी दगड उचलला नाही. सूनबाईंनी परवानाधारक सर्पमित्राला दूरध्वनी केला. तो येईपर्यंत स्वारी कुंपणापलीकडे अंतर्धान पावली होती.

नातीचे समाधान एवढ्याने होईना. शाळेत शिकविले होते त्याची उजळणी करावयास तिला एक पाय हवा होता. तिने आमचा घेतला. आम्हांला कोचावर आडवे करून तिने लवचीक पट्टी दंशाच्या कल्पित जागेवर घट्ट लपेटली, मग पायाच्या बोटांपासून वर थेट मांडीपर्यंत गुंडाळत नेली, बाजूस लाकडी फूटपट्टी बांधली आणि फर्माविले, "आता चालायचे नाही. जखम धुवायची नाही. बोलायचेसुद्धा हळू." भाचा कामावरून परतला तेव्हा आम्ही त्याच अवस्थेत होतो.

त्याने पट्टी तपासून पसंत केली आणि तिचे शास्त्र सांगितले. सापाचे विष बहुधा रक्तातून धावत नाही; ते कातडीखालच्या रसवाहिन्यांतून हळूहळू सरकते आणि स्नायू हलले की पुढे ढकलले जाते. अंगावर समान दाब ठेवला आणि अवयव निश्चल केला की ते वाटेतच तासन्‌तास रेंगाळते. मेलबर्नच्या स्ट्रुअन सदरलंड या वैद्याने 1970 च्या दशकाच्या अखेरीस ही युक्ती काढली. फनेल-वेब या जीवघेण्या कोळ्यावरील लसही त्यांच्याच खटपटीने 1981 साली निघाली, आणि त्यानंतर त्या कोळ्याने कोणाचा प्राण घेतलेला नाही.

"आणि मामा, याच केर्न्समध्ये एक मुलगा होऊन गेला," भाचा म्हणाला. केविन बडन हे त्याचे नाव. वय वर्षे वीस, साप पकडण्याचा नाद. तायपान नावाचा तेथला साप चावला की त्या काळी उपाय नसे, कारण लस करावयास जिवंत सापाचे विष हवे, आणि जिवंत तायपान शास्त्रज्ञांच्या हाती आलेला नव्हता. तो आणावा म्हणून हा तरुण 1950 साली सिडनीहून इकडे आला. 27 जुलैस त्याने तायपान पकडला. मान मुठीत, वेटोळे हातावर, अशा स्थितीत रस्त्यावरचा एक ट्रक थांबवून तो सापाच्या एका जाणकाराकडे ओळख पटवावयास गेला. पिशवीत घालताना पकड सुटली आणि साप हाताला चावला. त्याने प्रथम बजावले ते हे की, सापास मारू नये, त्यास मेलबर्नला पोहोचवावे. दुसऱ्या दिवशी त्याचे प्राण गेले. साप पोहोचला. 1955 साली लस तयार झाली आणि त्याच वर्षी केर्न्समधील दहा वर्षांचा एक मुलगा तिच्या योगाने वाचला.

आम्ही पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहत विचारले की, मग एवढ्या विषारी देशात वर्षाकाठी माणसे मरतात तरी किती? भाच्याने 2017 साली प्रसिद्ध झालेल्या मेलबर्न विद्यापीठाच्या एका अभ्यासाचा हवाला दिला. 2000 ते 2013 या तेरा वर्षांत सर्पदंशाने 27 माणसे दगावली. मधमाश्या व गांधीलमाश्यांनी तितकीच. कोळ्यांनी एकही नाही. त्याच अवधीत घोड्यांमुळे 74 माणसे प्राणास मुकली. ज्या घोड्याच्या रक्तातून सर्पविषावरची लस काढतात, तोच सर्वांत घातक ठरावा, याची आम्हांला मोठी मौज वाटली आणि आम्ही मनमोकळे हसलो.

"आणि आपल्याकडे, मामा?"

आम्ही अंदाजाने पाचशे म्हणालो. मग हजार म्हणालो. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. आमच्या नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांना जगात सर्वांत जहाल म्हणून कोणी नावाजलेले नाही. तो मान ऑस्ट्रेलियाच्या एका तायपानाचा, आणि तोही उंदरांवर मोजून दिलेला. त्या तायपानाचे गाव निर्मनुष्य माळावर असते. आमची मण्यार पावसाळ्यात भुईवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात येते.

नातीने विचारले, "आजोबा, तुमच्या गावात कोणाला चावला होता?"

चावला होता. 1968 च्या ऑगस्टातील गोष्ट. खानापूरच्या पलीकडे आमचे मूळ घर. आम्ही नऊ वर्षांचे. धाकटे काका बावीस वर्षांचे, पडवीत घोंगडीवर निजलेले. पहाटे त्यांच्या पोटात दुखू लागले. जखम दिसेना, सूज नाही. मण्यारीचा दंश असाच असतो, हे तेव्हा घरात कोणास ठाऊक नव्हते. आजीने ओवा दिला. उजाडता उजाडता त्यांच्या पापण्या मिटू लागल्या, शब्द जड झाले. कोणीतरी घोंगडी झटकली तेव्हा साप निघाला. मग मांडीला काथ्याचा दोर करकचून आवळला, चौघांनी खाटेवर घालून शेजारच्या गावी मांत्रिकाकडे नेले. तालुक्याची वाट उलट्या दिशेस होती. दोन प्रहरच्या आत श्वास थांबला. त्या दोराचा वळ आम्ही पाहिला आहे. पुढे पंचावन्न वर्षे त्या गोष्टीस आमच्या घरी "नशीब" असे नाव होते.

भाचा थोड्या वेळाने म्हणाला की, नातीची पट्टी येथल्या सापांना लागू आहे. आपल्याकडे घोणस-फुरशाच्या दंशाने अवयव सुजतो व सडतो, तेथे दाब दिल्यास अपाय होण्याचा संभव. आणि कोणता साप चावला ते पुष्कळदा कळतच नाही. म्हणून आपले डॉक्टर सांगतात की, दोर बांधू नये, कापू नये, चोखू नये. मोडलेल्या हाडाला देतात तसा अवयवास आधार देऊन तो स्थिर ठेवावा आणि तडक जेथे लस आहे त्या इस्पितळात न्यावे. चौघांच्याही विषावर चालणारी एकच लस आपल्या देशात होते. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे भुईवर न निजणे व मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे.

नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही परतलो. स्नेहीमंडळी अवयव मोजावयास आली आणि सर्व शाबूत पाहून किंचित निराश झाली. शिक्षकमित्रांस आम्ही पडत्या अस्वलाचे सविस्तर वर्णन ऐकविले. त्यांनी ते वहीत टिपून घेतले आहे. दुसऱ्या आठवड्यात तालुक्याच्या सरकारी इस्पितळात जाऊन सर्पदंशाची लस असते काय याची चौकशी केली. असते, असे कळले. तो दूरध्वनी क्रमांक आता आमच्या मळ्यावरील खोपटाच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. मग सुतारास बोलावून तेथील गड्यांच्या कुटुंबाकरिता तीन खाटा सांगितल्या.

सुतार माप घेता घेता म्हणाला, "साहेब, एवढ्या लांब ऑस्ट्रेलियाला गेलात. तिकडून काय आणलेत?"

आम्ही त्याला पाये दोन वीत उंच ठेव म्हणून सांगितले.